उत्तरेच्या शेतातले दगड

९ सप्टेंबर २००३

ही वही माझ्या नवऱ्याची, तिमकोची. बियाण्यांच्या दुकानात दर डिसेंबरला फुकट वाटतात त्यातली, हिरव्या पुठ्ठ्याची. ३ सप्टेंबरला त्याने लिहिलंय, ‘वारा वायव्येचा. गहू अजून ओला. उद्या बघू.’ दुसऱ्या दिवशी तो हार्वेस्टरला वंगण घालायला गेला आणि दुपारच्या जेवणाला आला नाही. सूप निवलं म्हणून मी चिडून हाक मारायला गेले, तर धान्याच्या कोठीला पाठ टेकून बसलेला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. शहात्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात कामाच्या वेळी कधी बसला नाही.

काल पुरलं त्याला. आज सकाळी आमची ओरिसिया कॅल्गरीला परत गेली, ती शिकवते ती शाळा सुरू झालीय. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाली, “आई, चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला बाबांबद्दल चार शब्द तूच लिहून वाच. तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?”

मी हो म्हटलं. आईने लेकीला नाही कसं म्हणायचं? पण खरं सांगायचं तर सत्तेचाळीस वर्षं संसार करूनही मी ह्या माणसाला ओळखत नव्हते. तो बोलतच नसे. पुढची पानं कोरी आहेत आणि कोरा कागद टाकून द्यायची मला सवय नाही, म्हणून सराव म्हणून इथे लिहिते आहे. १३ ऑक्टोबरपर्यंत चार शब्द सापडले पाहिजेत.

१३ सप्टेंबर

आज शेजारी आले. कुणी बोलावलं नव्हतं, बोलवायचं नसतंच. माणूस पीक उभं ठेवून गेला की बाकीचे आपलं काम टाकून येतात. सात हार्वेस्टर, चार ट्रक. बायका पहाटेपासून माझ्या स्वयंपाकघरात. कोबीच्या पानातल्या गुंडाळ्या, बटाटा भरलेले पिरोही, बडीशेपेची काकडी. मला चुलीला हात लावू दिला नाही. सूर्य मावळायच्या आत सगळा गहू कोठीत पडला. मी अंगणात उभी राहून रडले. सगळ्यांदेखत रडले आणि मला लाज वाटली नाही.

लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. जेवताना डॅरिल म्हणाला, “काकू, तिमकोकाकांच्या डोंगराला वळसा घालता घालता माझी मान अवघडली.” सगळे हसले. डॅरिल म्हणजे शेजारच्या हावरिलोंचा, तिमकोच्या जुन्या मित्राचा मुलगा, चाळिशीचा, मनाने चांगला, जिभेने फटकळ.

उत्तरेच्या शेतात दगडांचा ढीग आहे. ह्या जमिनीत दर हिवाळ्यात गोठलेली माती दगड वर ढकलते आणि दर वसंतात ते वेचावे लागतात, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण माणसं दगड शेताच्या कोपऱ्यात टाकतात. तिमको ते शेताच्या आत नेऊन टाकायचा, रस्ता लांब, कुंपण लांब, जिथे कुणी टाकणार नाही अशा जागी. मग त्या ढिगामुळे पेरणीच्या ओळी वाकड्या. आमच्याकडे लोक रविवारी प्रार्थनेला जाताना गाडी हळू करून दुसऱ्याच्या ओळी बघतात. सरळ ओळ म्हणजे सरळ माणूस. पंचेचाळीस वर्षं मी गाडीत मान खाली घालून बसायचे.

एकदा म्हटलं होतं, हा ढीग हलव. तो म्हणाला, “असू दे.” विषय संपला. दुसऱ्या शेतांत मी त्याच्याबरोबर दगड वेचले, कंबर मोडेपर्यंत वेचले. उत्तरेच्या शेतात मात्र मला येऊ द्यायचा नाही. तू हळू आहेस, म्हणायचा.

१७ सप्टेंबर

लिहायला बसले. ‘तिमको कोर्चिन्स्कीचा जन्म ह्याच घरात झाला. त्याने जमीन कसली. तो वारला.’ ह्यापुढे पेन चालेना.

उठून कोबीचं पिंप भरलं. एकटीला एवढा आंबट कोबी कशाला, हे मीठ चोळून झाल्यावर लक्षात आलं. वर दाबायला तोच जुना दगड ठेवला. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात तिमकोने शेतातून आणून, घासून पुसून दिला होता. माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्याने पहिल्या वर्षी मोत्यांची माळ दिली. मला दगड. पण माळ कधीच तुटली आणि दगड आहे, हेही खरं.

२१ सप्टेंबर

माळ्यावरून त्याच्या वह्या खाली काढल्या. लग्नाच्या वर्षापासूनच्या सगळ्या आहेत, दोरीने बांधलेल्या. वाटलं, निदान इथे तरी काही बोलला असेल.

वारा. पाऊस. पहिलं हिम कधी पडलं. गव्हाचा ओलावा किती. ओरिसिया जन्मली त्या दिवशी, ‘मुलगी. सात पौंड. वाऱ्याने गोठ्याचं दार तुटलं.’ माझं अख्खं नाव कुठेही नाही. मी तीन आठवडे बहिणीकडे गेले होते तेव्हा, ‘पा. नाही. भाकरी संपली.’ पा. म्हणजे मी, पारास्का.

मग मी १९५८ ची वही उघडली. उघडायची नाही असं ठरवलं होतं.

त्या जूनमध्ये माझं पहिलं बाळंतपण झालं. मूल मेलेलंच जन्मलं. मला ताप चढला, अठरा दिवस कधी शुद्धीत, कधी बेशुद्ध होते. बाळ मी पाहिलं नाही. मुलगा होता की मुलगी, तेही कुणी सांगितलं नाही. नर्स एवढंच म्हणाली की त्याची व्यवस्था झाली आहे, तुम्ही आराम करा. त्या काळी असंच होतं. विसरा आणि दुसरं होऊ द्या. घरी आले तर पाळणा माळ्यावर गेलेला. तिमको त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी वाट पाहिली. एक महिना, एक वर्ष. मग मीही तोंडाला कुलूप लावलं. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, ह्याला फुटला नाही.

१९ जून १९५८. ‘पाऊस नाही. हावरिलो बरोबर. उत्तरेच्या शेतात गेलो.’

बस्स. बायको तिकडे मरणाच्या दारात, मूल गेलेलं, आणि हा मित्राला घेऊन शेतात गेला. मी वही भिंतीवर फेकली. एकाहत्तराव्या वर्षी म्हातारीने वही फेकली, आणि मग तीच वाकून उचलली.

आणखी एक वेडेपणा. १९५९ पासून दर वसंतात, शेतात पहिल्यांदा उतरला की एक ओळ, ‘दगड. रस्त्यापासून २१२, कुंपणापासून ३४०.’ दरवर्षी तेच आकडे. पावलं मोजत होता म्हणायचा! ढीग काय चालत जाणार होता?

२६ सप्टेंबर

डॅरिल आला. सगळी जमीन खंडाने करायला तयार आहे. मला फार बरं वाटलं, कारण त्याने घेतली नाही तर विकावी लागेल आणि मला गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरात खोली घ्यावी लागेल. तिथे डॅरिलचे वडील हावरिलो आहेत, गेल्या वर्षी अर्धांग झाल्यापासून. मी एकदा भेटायला गेले होते. उकडलेल्या बटाट्याचा वास आणि सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. मला ह्याच घरातून जायचं आहे. जमीन डॅरिलकडे राहिली तर घर माझ्याकडे राहतं, इतकं साधं आहे ते.

त्याची अट एकच. त्याचं पेरणीयंत्र साठ फूट रुंद आहे, दर फेरीला वळसा घालणं परवडत नाही. उत्तरेचा ढीग काढावा लागेल.

“काकांनी लावलेला आहे, म्हणून विचारतोय,” तो म्हणाला. “तुमचं मन नसेल तर सांगा.”

मी म्हटलं, “माझं मन पंचेचाळीस वर्षांपासून आहे. काढ बाबा.”

त्या शेतात पहिल्यांदाच माझा शब्द चालला. डॅरिल गेल्यावर मी स्वतःशीच गुणगुणत भांडी घासली. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि मी गुणगुणत होते, हेही इथे लिहून ठेवते.

३ ऑक्टोबर

मोठं यंत्र आलं आणि दुपारपर्यंत काम झालं. पंचेचाळीस वर्षांचे दगड ट्रकमध्ये भरून पलीकडच्या दलदलीत ओतले. माणूस जन्मभर वाहतो आणि यंत्र सकाळच्या दोन कॉफ्यांच्या मधे उचलतं.

मी थर्मास घेऊन गेले होते. डॅरिल म्हणाला, अगदी तळाला चार सपाट दगड होते, एकमेकांना चिकटवून बसवलेले, फरशीसारखे. मी म्हटलं, तिमको तसलाच. सरपणसुद्धा देवघरातल्यासारखं रचायचा. डॅरिलने तेही चार उचलले आणि खालची माती सारखी केली. माती मऊ होती म्हणाला, तिथे दगड एकही नाही.

९ ऑक्टोबर

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता काही दिसत नाही. म्हणजे शेत दिसतं, आभाळ दिसतं. नजर ठरायला जागा नाही.

तिमको सकाळचा चहा ह्याच खिडकीशी उभा राहून प्यायचा. खुर्ची असून उभा. हवा बघतोय, असं मला वाटायचं. पण हवा येते पश्चिमेकडून आणि ही खिडकी उत्तरेची आहे. आज पहिल्यांदा ध्यानात आलं. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी, दुसरं काय.

भाषण कसंबसं पूर्ण केलं. तो कधी माझ्या बरोबरीने चालला नाही, हे लिहिलं होतं, मग खोडलं. हिवाळ्यात तो पुढे आणि मी मागे, बर्फातल्या त्याच्या पावलात पाऊल टाकत. त्याची ढांग लांब. त्याची दोन पावलं म्हणजे माझी तीन. निम्म्या वेळा माझा पाय त्याच्या ठशाबाहेर पडून बूट बर्फाने भरायचा. पण वाट तोच फोडायचा. म्हणून खोडलं. भाषण छोटं झालंय. हसायला म्हणून दगडांचं घातलं आहे.

१३ ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

ओरिसिया काल आली. सकाळी चर्चमध्ये चाळिसाव्याची प्रार्थना झाली. मध घातलेला उकडलेला गहू, तीन गोल पाव, मधल्यात मेणबत्ती. मग हॉलमध्ये जेवण. साठेक माणसं. डॅरिलने हावरिलोना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. उजवी बाजू गेलेली, पण बोलणं हळूहळू कळतं.

मी उभी राहून वाचलं. जन्म, जमीन, कामसू, सचोटीचा. मग म्हटलं, ह्या सपाट मुलखात एकच डोंगर होता आणि तो माझ्या नवऱ्याने बांधला. त्याच्या हयातीत मला तो तसूभर हलवता आला नाही, तो गेल्यावर मात्र मी अर्ध्या दिवसात हलवला. लोक मोठ्याने हसले. टाळ्याही वाजल्या. मी खूश होऊन बसले.

हावरिलो हसले नव्हते. शेवटचं गोड वाढल्यावर त्यांनी डाव्या हाताने मला खूण केली. मी खुर्ची ढकलत कोट टांगतात त्या बोळात नेली.

“पारास्का, ते दगड खरंच काढले?”

“तुमच्याच पोराने काढले. दहा दिवस झाले.”

“मला विचारलं नाही त्याने.”

“आमच्या शेतातले दगड काढायला तुमची परवानगी लागते काय?” मी अजून हसतच होते.

त्यांनी माझं मनगट धरलं. डावा हात, पण पकड शेतकऱ्याची. म्हणाले, “त्याखाली तुमचं लेकरू होतं.”

मला बसायला खुर्ची नव्हती. मी कोटांमध्ये उभी राहिले, कुणाच्या तरी ओल्या लोकरीत तोंड गेलं होतं, आणि ते सांगत होते. बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं मूल तेव्हाचे फादर स्मशानात घेईनात; कुंपणाबाहेर उत्तरेला पुरा म्हणाले. तिमकोने ते ऐकून घेतलं आणि दवाखान्यातून मूल थेट स्वतःच्या जमिनीवर आणलं. हावरिलोनी गव्हाच्या पेटीच्या फळ्या काढून खोकं केलं. दोघांनी मिळून खणलं. वर सपाट दगड बसवले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. मग दरवर्षी तो त्यावर दगड टाकत गेला. शेतात दगडांच्या ढिगाकडे कोण बघतं? त्यावर क्रूस लावला असता तर तुला कळलं असतं, म्हणाले.

“मला कळायला का नको होतं?” मी विचारलं.

“डॉक्टर म्हणाला होता, वर्षभर विषय काढू नका, बाई खचेल. मग वर्ष झालं. तू विचारलं नाहीस. त्याला वाटलं, तुला नकोच आहे. मी दोनदा म्हटलं त्याला, सांगून टाक. तो म्हणायचा, आता कुठल्या तोंडाने सांगू.”

मग मी विचारलं, काय होतं?

“मुलगी,” हावरिलो म्हणाले. “काळे केस होते. भरपूर.”

आणि मी साठ माणसांना हसवून आले होते.

१४ ऑक्टोबर

ओरिसियाला सांगितलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, लहानपणी रडायची तशी. मग म्हणाली, दलदलीतून दगड परत काढून आणू. मी म्हटलं, ती दलदल बारा फूट खोल आहे. ती उद्याची सुट्टी टाकते म्हणाली. मी तिला जायला लावलं.

१८ ऑक्टोबर

त्याच्यावर मला इतका राग आलाय की समोर असता तर मारलं असतं. सांगायला काय झालं होतं तुला? दोन शब्द. पंचेचाळीस वर्षं मी तुला दगड म्हणत राहिले आणि तू ऐकून घेत राहिलास.

आणि मी? मला विचारायला काय झालं होतं? मी कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्याकडे असेल म्हणून बसले.

आज शेतात गेले होते. काही उपयोग झाला नाही. सगळीकडे सारखी माती, यंत्राने विंचरलेली. कुठे उभं राहायचं तेच कळेना. डॅरिलला फोनवर विचारलं, जागा दाखवशील का. बिचारा रडवेला झाला. म्हणाला, “काकू, अंदाजाने सांगतो, पण शपथेवर नाही सांगता येणार. आता तिथे काहीच नाहीये.”

माझ्या मुलीची जागा मी स्वतः पुसायला लावली. वर कॉफी नेऊन दिली.

२८ ऑक्टोबर

परवापासून बर्फ पडत होता, आज थांबला. सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि ती ओळ आठवली. वही काढून पाहिली. दर वसंतात एकदा, पंचेचाळीस वेळा. रस्त्यापासून २१२, कुंपणापासून ३४०.

ढीग चालत जाणार नाही हे त्यालाही माहीत होतं. ढीग कधीतरी कुणीतरी काढेल, हे माहीत होतं. ते त्याने कुणासाठी लिहून ठेवलं होतं? त्याच्या वह्या माझ्याशिवाय दुसरं कोण उघडणार होतं!

पण ती त्याची पावलं. दोनाला तीन. मी वहीच्या मागे हिशेब केला, दोनदा ताळा करून पाहिला. ३१८ आणि ५१०.

कोबीच्या पिंपातला दगड काढला, धुतला, लहान मुलांच्या घसरगाडीवर ठेवला. घसरगाडी ओरिसियाची, गोठ्यात होती. डॅरिलने सांगितलेल्या अंदाजाने रस्त्यापासून सुरुवात केली. मोठ्याने मोजत गेले, चुकू नये म्हणून. दोनशेच्या पुढे धाप लागली, थांबून आकडा तोंडात धरून ठेवला. ३१८ ला काठी रोवली. मग उत्तरेच्या कुंपणापर्यंत जाऊन तिथून काठीच्या रेषेत परत मोजत आले. ५१० झाली तेव्हा काठी माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती.

तिथे बर्फ थोडा खचला होता. परातीएवढा खळगा, चार बोटं खोल. बाकी सगळीकडे सपाट. यंत्राने माती सारखी केली होती, ती पावसाने खाली बसली असणार.

मी दगड ठेवला. त्याला अजून मिठाचा वास होता. मग बर्फात बसले आणि तिच्याशी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही.

घरी येऊन डॅरिलला फोन केला. म्हटलं, उत्तरेच्या शेतात एक दगड ठेवलाय, वसंतात त्याला वळसा घालून पेर. परवडत नसेल तर आत्ताच सांग, मी जमीन विकते आणि गावातली खोली बघते, पण ती तेवढी जागा विकणार नाही.

तो म्हणाला, “वाकडं दिसेल, काकू. लोक हसतील.”

“हसू देत,” मी म्हटलं.

“घालतो वळसा,” तो म्हणाला.

वारा वायव्येचा. बर्फ चार बोटं. रस्त्यापासून ३१८, कुंपणापासून ५१०. माझ्या पावलांनी.